दगडाच्या रंगाचा साप

आज एका सापाची गोष्ट सांगणार आहे. साप अमेरिकेतला आहे, पण गोष्ट सुरू होते ती आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात.

कोकणातल्या माणसाला सापाचं नवल नसतं. आमच्या घराभोवती जांभ्या दगडाचा गडगा होता आणि त्या गडग्यात फुरसं असायचं. वीतभर, फार तर हातभर लांबीचा हा साप जांभ्याच्या मातीत असा मिसळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. डिवचलं तर जिलबीसारखं वेटोळं करून अंगाला अंग घासतं आणि करवत चालल्यासारखा खसखस आवाज काढतं. १९५८ च्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाला, आमच्या दादाला, गवताचा भारा उचलताना फुरसं चावलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आधी मांत्रिक झाला, मग डोलीतून तालुक्याला नेलं. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. दादाच्या हिरड्यांतून रक्त येत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरची लस तेव्हा तयार होत होती. आमच्या वाडीपर्यंत ती पोचलेली नव्हती, एवढंच.

त्यानंतर आमच्या घरात दिसलेलं एकही फुरसं जिवंत सुटलं नाही. मीही मारली, मोजली नाहीत इतकी. पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो, मुलांना अहिंसेचे धडे शिकवले, पण काठी दाराआडच राहिली.

ऑक्टोबर २०११ मध्ये आम्ही अॅरिझोना राज्यात मुलीकडे गेलो होतो. तिने, जावयाने आणि दहा वर्षांच्या नातीने बेत केला होता की आजोबांना ग्रँड कॅन्यन नुसता वरून दाखवायचा नाही, तळाशी उतरवायचा. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि सुमारे दीड किलोमीटर खोल आहे. सौ. म्हणाल्या, "तुम्ही जा, मी वरूनच नमस्कार करते." आम्ही चौघे पाठीवर बोचकी बांधून साउथ कायबॅब नावाच्या पायवाटेने पहाटे निघालो. सात मैलांची उतरण आणि वाटेत पाण्याचा थेंब नाही. वर पाइनची थंड झाडी, तर खाली काटेरी निवडुंग आणि तापलेला दगड. एका दिवसात आपण एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत उतरतो.

वाटेवर जावयाने समोरचं एक शिखर दाखवलं आणि विचारलं, "बाबा, नाव ओळखा." मी गप्प. तो म्हणाला, "ब्रह्मा टेंपल." मला वाटलं, थट्टा करतोय. पण खरंच आहे. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या शिखरांना पूर्वेकडची नावं दिली. विष्णू आहे, शिव आहे, झरतुष्ट्रही आहे. आणि दरीच्या अगदी तळाचा जो काळा खडक आहे, सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांचा, त्याला भूगर्भशास्त्रात 'विष्णू शिस्ट' म्हणतात. विष्णू तळाशी आहे म्हटल्यावर शेषही जवळपास असणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तळाशी ब्राइट एंजल नावाचा झरा नदीला मिळतो. हे नाव दिलं मेजर जॉन वेस्ली पॉवेल याने. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ साली शायलोच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. त्या एका हाताने, नऊ माणसं आणि चार होड्या घेऊन २४ मे १८६९ रोजी तो निघाला आणि ऑगस्टच्या मध्याला या झऱ्याशी पोचला. तोवर एक होडी फुटली होती, एक जण सोडून गेला होता, खायला बुरसटलेलं पीठ, सुकवलेली सफरचंदं आणि कॉफी उरली होती. वर लागलेल्या एका गढूळ नदीला या लोकांनी 'घाणेरडा सैतान' असं नाव दिलं होतं. म्हणून या निर्मळ पाण्याला पुढे 'तेजस्वी देवदूत' हे नाव मिळालं. २८ ऑगस्टला आणखी तिघे कंटाळून दरीतून वर चढून गेले आणि त्यांचं पुढे काय झालं ते आजवर नक्की कळलेलं नाही. उरलेले सहा जण दोनच दिवसांत दरीच्या बाहेर पडले.

पण पॉवेल काही तिथला पहिला माणूस नव्हे. झऱ्याच्या मुखाशी दगडी भिंतींचे अवशेष आहेत. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी तिथे शेती करणारी कुटुंबं राहत होती. आणि दरीत अर्ध्यावर जी हिरवी जागा आहे, तिथे हवासुपाई लोक विसाव्या शतकापर्यंत मका-भोपळे पिकवत होते. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांना तिथून काढण्यात आलं आणि त्यांच्यातला शेवटचा माणूस १९२८ साली बाहेर पडला. त्या जागेला आता, २०२२ पासून, 'हवासुपाई गार्डन्स' असं त्यांचंच नाव मिळालं आहे.

तर झऱ्याकाठी आम्ही तंबू ठोकले. तिथे पहिला नियम सांगतात तो खाण्याचा. अन्न तंबूत ठेवायचं नाही, पाठपिशव्या खांबाला टांगायच्या आणि शिधा लोखंडी डब्यात बंद करायचा. कारण रिंगटेल नावाचा मांजराएवढा, पट्ट्यापट्ट्याच्या लांब शेपटीचा प्राणी रात्री येऊन सगळं फस्त करतो. दिवसा तेच काम खारी आणि डोमकावळे करतात. डोमकावळा पिशवीची चेन चोचीने उघडतो, हे मी स्वतः पाहिलं. संध्याकाळी मोठ्या कानांची म्यूल हरणं तंबूंमधून निवांत चरत गेली. समोरच्या उभ्या कड्यावर रानमेंढ्या अशा चालत होत्या की जणू जमीन सपाट आहे. अंधार पडू लागला तशी इवलीशी वटवाघळं झऱ्यावर घिरट्या घालू लागली.

त्याच वेळी नात आणि मी पाय धुवायला पाण्याकडे निघालो. ती पुढे, मी मागे. एका दगडाशी ती वाकली आणि मला तो दगड हलल्यासारखा वाटला. दीड-दोन हात लांबीचा, विटकरी-गुलाबी रंगाचा साप होता. अंगावर फिकट ठसे, डोकं त्रिकोणी, शेपटीच्या टोकाला वाळक्या शेंगेसारखा खुळखुळा. रॅटलस्नेक! नातीच्या पायापासून फार तर तीन फुटांवर. आणि गंमत म्हणजे खुळखुळा वाजतच नव्हता. पुस्तकात वाचलं होतं की हा साप वाजवून इशारा देतो. हा गुपचूप पडून होता.

मी तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि दुसऱ्या हाताने चालायची काठी उचलली. विचार करून नव्हे. हात आपोआप वर गेला. पन्नास वर्षांची सवय होती ती. मागून मुलगी ओरडली, "बाबा, नको! इथे मारायचं नसतं." मी म्हणालो, "पोरगी आहे इथे." ती म्हणाली, "ती आता तुमच्या मागे आहे. काठी खाली घ्या."

काठी खाली घ्यायला मला वेळ लागला. तेवढ्यात एक रेंजर बाई आल्या. आपल्याकडच्या वनरक्षकासारख्या, पण शिक्षिकेच्या स्वभावाच्या. त्यांनी चिमटा आणला नाही की काठी आणली नाही. सगळ्यांना सहा फूट मागे उभं केलं आणि स्वतः शेजारी उभ्या राहून हळू आवाजात बोलू लागल्या.

त्या म्हणाल्या की हा ग्रँड कॅन्यनचा खास रॅटलस्नेक. त्याची ही रंगछटा दरीतल्या खडकाशी जुळते. १९३० साली लॉरेन्स क्लाउबर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं 'अबिसस', म्हणजे अथांग दरीतला. हे क्लाउबर व्यवसायाने वीज कंपनीतले इंजिनिअर, पण सापांच्या नादी लागून त्यांनी १९५६ साली रॅटलस्नेकवर दोन खंडांचा ग्रंथ काढला. खुळखुळा म्हणजे आपल्या नखांच्याच जातीच्या पदार्थाची एकात एक अडकलेली पोकळ कडी. कात टाकली की एक कडी वाढते. वर्षाला एकदाच कात टाकतो असं नाही आणि जुनी कडी तुटूनही जातात, म्हणून कडी मोजून वय सांगता येत नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. त्याने अंधारातही उंदराच्या अंगाची ऊब कळते. मला आठवलं, आपल्या सह्याद्रीतला हिरवा चापडा, त्यालाही हाच खळगा असतो. म्हणजे चापडा आणि रॅटलस्नेक एकाच घराण्यातले.

मी विचारलं, "मग वाजवत का नाही?" त्या म्हणाल्या, "लपणं हा त्याचा पहिला उपाय. वाजवणं दुसरा. चावणं शेवटचा."

पंचवीसएक मिनिटांनी तो साप सावकाश दगडांमध्ये निघून गेला. तेवढा वेळ एकाही माणसाने आवाज केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सापाला शेवटपर्यंत पाहिलं.

घरी परतल्यावर माझ्यातल्या इतिहासाच्या मास्तराला स्वस्थ बसवेना. मुलीकडे वाचनालयाचं कार्ड होतं. वाचू लागलो तसं दिसलं की रॅटलस्नेक हा या देशाच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. १७५१ साली, इंग्लंड आपले गुन्हेगार अमेरिकेच्या वसाहतींत पाठवतं याचा राग येऊन, बेंजामिन फ्रँकलिनने वर्तमानपत्रात उपरोधाने सुचवलं की आपण बदल्यात इंग्लंडला रॅटलस्नेक पाठवावेत. १७५४ साली त्याच्याच पत्रात तुकडे झालेल्या सापाचं चित्र आलं आणि खाली आशय होता, एक व्हा नाहीतर मरा. १७७५ च्या अखेरीस टोपणनावाने एक लेख आला. तोही फ्रँकलिनचाच मानतात. त्यात म्हटलं होतं की या सापाला पापण्या नसतात, म्हणून तो सदैव जागा, आणि तो आपणहून कधी चाल करून येत नाही. त्याच सुमारास क्रिस्टोफर गॅड्सडेनचा पिवळा झेंडा निघाला. त्यावर वेटोळं घातलेला रॅटलस्नेक आणि खाली शब्द, माझ्यावर पाय देऊ नका.

झेंड्यावर साप आला, पण रानातला साप मात्र दिसेल तिथे ठेचला जात राहिला. टेक्सासमधल्या स्वीटवॉटर गावी १९५८ पासून रॅटलस्नेक पकडून आणून मारण्याची जत्राच भरू लागली. १९५८! आमच्या घरचं साल. आपल्याकडेही नागपंचमीला पूजा आणि इतर दिवशी काठी, हे काही वेगळं नाही.

त्या दरीजवळच राहणारे होपी लोक मात्र वेगळे. त्यांच्या सर्पनृत्यात पुजारी जिवंत साप, त्यात रॅटलस्नेकही, तोंडात धरतात आणि विधी संपला की चारी दिशांना सोडून देतात. पाऊस घेऊन या, असा निरोप देऊन. १९१३ च्या ऑगस्टमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हा विधी पाहिला. पुढे बघ्यांची गर्दी आणि कॅमेरे इतके वाढले की होपींनी बाहेरच्यांना दारं बंद केली.

आता गंमत पाहा. त्याच १९१३ च्या उन्हाळ्यात, होपींकडे जाण्याआधी, हेच रूझवेल्ट ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर शिकार करत होते. शिकार होती प्यूमाची, तिकडे त्याला माउंटन लायन म्हणतात. उत्तरेकडच्या या कायबॅब पठारावर हरणं वाढावीत म्हणून रूझवेल्टनीच १९०६ साली अभयारण्य केलं होतं. हरणांना संरक्षण, आणि हरणं खाणाऱ्यांना मरण. १९०६ ते १९३१ या काळात तिथे ७८१ प्यूमा, ४,८८९ कायोटी, ५५४ बॉबकॅट आणि ३० लांडगे मारले गेले. लांडगे संपलेच.

हरणं वाढली. सुरुवातीला चारेक हजार असावीत. १९२४ पर्यंत कुणी तीस हजार म्हणे, कुणी लाख. त्यांनी झाडं, झुडपं, कोवळे अंकुर ओरबाडून काढले आणि पुढच्या हिवाळ्यांत हजारोंनी उपाशी मेली. डिसेंबर १९२४ मध्ये तर एक अजब प्रयोग झाला. घोडेस्वार आणि पायी नवाहो लोक यांनी रांग धरून, गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवत, हजारो हरणं दरीत उतरवून नदीपार हाकायची असं ठरलं. कादंबरीकार झेन ग्रे हेही हौसेने सामील झाले. बर्फाचं वादळ आलं, हरणं रांगेतून उलटी पळाली आणि पलीकडे एकही गेलं नाही.

ही कथा पुढे पाठ्यपुस्तकांत गेली. १९७० साली न्यूझीलंडच्या एका संशोधकाने शंका काढली की हे आकडे अंदाजपंचे आहेत, त्या काळात पठारावरची मेंढरं आणि गुरंही कमी झाली होती, मग सगळं खापर प्यूमांच्या हत्येवर कसं फोडता? शंका रास्त होती. पुढे २००६ च्या सुमारास तिथल्या अॅस्पेन झाडांची वयं तपासली, तेव्हा त्या वर्षांत उगवून वाढलेली झाडं फारच थोडी सापडली. म्हणजे हरणांनी रान खाल्लं होतं हे खरं. कारणं एकाहून जास्त असतील, हेही खरं. उद्यानखात्याने मात्र १९३१ साली जाहीर केलं की राष्ट्रीय उद्यानांत शिकारी प्राण्यांनाही त्यांची जागा आहे.

हे वाचताना मला आमचा रत्नागिरी जिल्हा आठवला. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकार फुरसं मारणाऱ्याला बक्षीस देत असे आणि मारलेल्या फुरशांचे आकडे लाखांत जात. इतकी मारूनही फुरसं संपलं नाही. १९५८ साली ते आमच्या गवताच्या भाऱ्यात होतंच. बक्षिसावर जो पैसा आणि जी खटपट गेली, त्याने दादा वाचला नाही. लस वाडीत असती तर कदाचित वाचला असता.

दरीतल्या त्या रात्री रेंजर बाईंनी मुलांना एक खेळ दाखवला होता. जांभळ्या प्रकाशाची विजेरी दगडांवर फिरवली की विंचू हिरवेगार चमकतात. मुलं टाळ्या पिटत होती. मी त्यांना सांगितलं की आमच्या कोकणात लाल विंचू आहे, तो मारतो, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं साधं औषध वापरून कितीतरी माणसं वाचवली. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला ती रात्र पुन्हा आठवली.

मग मी त्या बाईंना दादाचं सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इथे कुणाला साप चावला तर मी रेडिओवरून हेलिकॉप्टर बोलावते. म्हणून मला शांत उभं राहता येतं."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. अमेरिकेत वर्षाला सात ते आठ हजार माणसांना विषारी साप चावतात, त्यांतली पाचेक दगावतात. आपल्याकडे २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेल्याचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला अठ्ठावन्न हजार! बहुतेक शेतातली, खेड्यातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. आपल्या सरकारने २०२४ साली राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं.

तेव्हा शहरातल्या मंडळींनी खेड्यातल्या माणसाला "सापाला मारू नका" असं नुसतं सांगू नये. जरूर सांगावं, पण त्याबरोबर पायात बूट, हातात विजेरी, जवळच्या आरोग्यकेंद्रात लस आणि तिथवर नेणारं वाहन, हेही द्यावं. सापावर दया करायला आधी माणसाच्या जिवाची हमी लागते. आणि लोकांनीही मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास म्हणजे गेलेला जीव, हे ध्यानात धरावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वर निघालो. चढताना डोक्यावरून एक भला मोठा काळा पक्षी गेला. पंखाला नंबराचा बिल्ला. कॅलिफोर्निया काँडोर! १९८२ साली जगात हे गिधाड फक्त बावीस उरले होते. १९८७ साली रानातला शेवटचा पकडून सगळे पिंजऱ्यात वाढवले आणि १९९६ साली याच मुलखात पहिले सहा सोडले. माणसाने संपवत आणलेलं माणसालाच परत आणता येतं, मात्र ते फार महाग पडतं.

गावी परतल्यावर पावसाळ्यात गडग्याशी खसखस ऐकू आली. मी काठी घेतली. खरं सांगतो, घेतली. पण गड्याला हाक मारली, मुलांना आत घेतलं, आणि काठीने फुरसं डब्यात लोटून पलीकडच्या सड्यावर सोडायला एका जाणत्या सर्पमित्राला बोलावलं. तो येईपर्यंत अर्धा तास मी सहा फुटांवर उभा होतो. दादाची आठवण येत होती. राग गेला होता असं नाही. पण फुरसं त्याच्या जागी होतं, मी माझ्या जागी होतो, आणि आरोग्यकेंद्राचा दूरध्वनी क्रमांक खिशात होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)